सांगलीत राहून, नोकरी सांभाळून, साठ बार दाबाखाली

तासगावकडच्या एका कॉलेजातल्या सरांचा मागच्या आठवड्यात फोन आला. "मॅडम, तुमचा तो प्रेशर सेल कुठं करून घेतलात? आणि खरेदी समितीनं मंजूर कसा केला?" तासभर बोललो. (प्रेशर सेल म्हणजे आत दाब सोसणारं, खिडक्या असलेलं छोटं भांडं.) फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं एकदा लिहूनच काढावं. २०१९ मध्ये मला असं कुणी सांगणारं भेटलं असतं तर निदान एक वर्ष वाचलं असतं.

मी सांगलीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. १६ जानेवारी २०२५ ला माझा पीएच.डी.चा व्हायवा झाला. नोंदणी जानेवारी २०१९ ची. विषय असा: दाबाप्रमाणे ज्यांची विरघळवण्याची ताकद बदलते अशा द्रावकांत ब्लॉक कोपॉलिमरचे मिसेल कसे तयार होतात.

साबणाचे मिसेल आपण सगळेच शिकलेलो असतो. ब्लॉक कोपॉलिमरचंही तत्त्व तेच, फक्त रेणू लांबलचक. दोन वेगळ्या स्वभावाच्या साखळ्या रासायनिक बंधाने एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीला द्रावक आवडतो, दुसरीला नाही. सुट्या असत्या तर न आवडणारी सरळ तळाशी जाऊन बसली असती. पण गाठ पक्की आहे, घर सोडता येत नाही. मग अशा अनेक साखळ्या एकत्र येऊन एक गोळा बनवतात, तोच मिसेल: नावडतं टोक आत गाभ्यात, आवडतं टोक बाहेर द्रावकात पसरलेलं. आकार साधारण काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर.

आता यात दाब कुठून आला? पाणी किंवा झायलीन कितीही दाबलं तरी फारसं आक्रसत नाही. पण कार्बन डायऑक्साइड ३१.१ अंश आणि ७३.८ बारच्या (एक बार म्हणजे साधारण नेहमीच्या हवेच्या दाबाएवढा दाब) पुढे गेला की तो ना धड वायू, ना धड द्रव. ४० अंशांवर ८० बारला त्याची घनता घनमीटरला सुमारे २८० किलो असते, १०० बारला ती सुमारे ६३० होते आणि २०० बारला ८४० च्या आसपास जाते. म्हणजे नुसती चावी फिरवून द्रावक बदलता येतो, बाटली बदलायची गरज नाही. अमेरिकेत डिसिमोन यांच्या गटाने १९९६ मध्ये पॉलिस्टायरीन आणि फ्लोरीनयुक्त साखळी असलेल्या कोपॉलिमरचे मिसेल अशा कार्बन डायऑक्साइडमध्ये न्यूट्रॉन विकिरणाने, म्हणजे न्यूट्रॉनचा झोत नमुन्यातून कसा विखुरतो ते पाहून, दाखवले. तो निबंध मी नोंदणीच्या आधी वाचला होता आणि त्यानेच मला या विषयात ओढलं.

ओढलं खरं, पण जमणार कसं? शेकडो बारचा पंप, नीलमण्याच्या खिडक्या, न्यूट्रॉनचा झोत. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा सगळ्यात जास्त दाबाची वस्तू म्हणजे व्हॅक्यूम पंप, तीही उलट्या दिशेची.

२०१९ चं वर्ष कोर्सवर्कमध्ये गेलं. सहा महिने शनिवार-रविवारी सकाळच्या एसटीने विद्यापीठ. ऑगस्टमध्ये महापूर आला. आमचं घर विश्रामबागेत, पाणी आलं नाही, पण गावभागातली नातेवाईक मंडळी तीन आठवडे आमच्याकडे होती. त्या काळात एक पानही वाचलं नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी उरलेलं वाचन काढलं. सान्चेझ आणि लाकोम्ब यांचं १९७६ चं समीकरण तेव्हा हाताने सोडवून पाहिलं. पॉलिमर आणि द्रावक एका जाळीवर बसलेत, आणि जाळीतली काही घरं रिकामी आहेत अशी ती कल्पना. दाब वाढला की रिकामी घरं कमी होतात. "आकुंचनक्षम", म्हणजे दाबल्यावर आक्रसणारा, हा शब्द मला या रिकाम्या घरांमुळे पहिल्यांदा नीट समजला. ज्यांना प्रयोगाची सोय नाही त्यांना नुसत्या या मॉडेलवरही प्रबंध करता येतो. तो मार्ग कमी दर्जाचा नाही.

माझ्या गाइडनी मात्र दुसरा मार्ग सुचवला. साध्या द्रवात कार्बन डायऑक्साइड दाबाने विरघळवायचा. द्रव फुगतो, त्याची विरघळवण्याची ताकद बदलते आणि हे सगळं ६० बारच्या आत होतं. पंपाची गरजच नाही, सिलेंडरचा स्वतःचा दाब पुरतो. पॉलिमर ठरला प्लुरॉनिक पी-१०४. दोन्ही टोकांना पॉलिइथिलीन ऑक्साइड, मध्ये पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइड. (प्लुरॉनिकच्या नावातच माहिती असते: पी म्हणजे पेस्टसारखा, आणि शेवटच्या आकड्याला दहाने गुणलं की इथिलीन ऑक्साइडची टक्केवारी. म्हणून १०४ मध्ये ४० टक्के.) द्रावक पॅरा-झायलीन. पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या प्रश्नाचं असं घरात मावणारं रूप शोधावं. मी ते दीड वर्ष शोधलं नाही, मोठ्या यंत्राची वाट पाहत बसले.

ऑक्टोबर २०२० मध्ये सेलचं ड्रॉइंग काढलं. ३१६ स्टेनलेस स्टील, आतली जागा ४० मिली, समोरासमोर दोन खिडक्या, बाहेरून पाणी फिरवायला जॅकेट. नीलमण्याच्या खिडक्यांचं दरपत्रक एक लाख दहा हजाराचं आलं, ते बाजूला ठेवलं. २० मिलिमीटर जाडीची टफन्ड बोरोसिलिकेट साइट ग्लास घेतली, उघडी जागा फक्त १५ मिलिमीटर. काचेसोबत चाचणीचं प्रमाणपत्र मागून घ्या. ते नसेल तर ती काच स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. सेलसाठी तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची बैठक. समितीने विचारलं की हे बाजारात तयार का मिळत नाही. मी त्यांना तयार सेलचं परदेशी दरपत्रक दाखवलं आणि मंजुरी मिळाली. तुम्हीही ते आधीच मागवून ठेवा. ४८ हजारांत काम कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपला गेलं. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला, काम दोन महिने लांबलं, आणि सप्टेंबरमध्ये फोन आला: "मॅडम, टेस्टिंगला या."

ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. वर्कशॉपचे मालक स्वतः टर्नर, साठीच्या पुढचे. सेल व्हाइसमध्ये धरलेला, वरच्या पोर्टला हातपंप. आधी त्यांनी सेल तिरका करून त्यातला शेवटचा हवेचा बुडबुडा बाहेर काढला. मग फ्लँजच्या खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरला. पंपाचा दांडा खालीवर होऊ लागला तसा काटा वर चढला. आमचा कामाचा दाब ७० बार, म्हणून दीडपटीने १०५ वर नेऊन त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि घड्याळ लावलं. अर्धा तास. आम्ही दोघं कागदाकडे बघत उभे. सतराव्या मिनिटाला खिडकीच्या खालच्या बाजूला कागदावर बाजरीच्या दाण्याएवढा ओला ठिपका दिसला.

"बघा, हितनं रडतंय," म्हणून त्यांनी दाब उतरवला, बोल्ट समोरासमोरच्या जोडीने पुन्हा आवळले आणि पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा कागद कोरडा राहिला.

मी विचारलं, "काका, गॅसनेच का नाही तपासलं? वापरायचा तर गॅसच आहे."

"न्हाई मॅडम. पानी दबत न्हाई. काच गेली तर चिळकांडी उडंल आन संपलं. हवा दबून बसतीया, स्प्रिंगवानी. काच गेली की ती समदी एकदम सुटती. बाँबच की त्यो."

आकुंचनक्षमतेची याहून सोपी व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नाही. ती मी माझ्या वहीत तारीख घालून लिहून ठेवली आणि पुढे एमएस्सीच्या वर्गात दरवर्षी सांगते. दाबाचं कोणतंही भांडं असो, चाचणी पाण्यानेच करायची.

सुरक्षिततेचं आणखी थोडं. सिलेंडर भिंतीला साखळीने बांधलेला हवा. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की आपोआप उघडणारा) सेलवरच हवा, लाइनवर कुठेतरी लांब नको. खोलीची खिडकी उघडी ठेवा, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खाली साचतो. आणि सेल एक तृतीयांशच भरा. झायलीनमध्ये गॅस विरघळला की पातळी डोळ्यांदेखत चढते. वर जागा उरली नाही तर थोड्याशा तापमानवाढीनेही दाब कुठल्या कुठे जातो.

हा धडा मला एका चुकीतून मिळाला. पुरवठादाराने पहिल्या खेपेला आत सायफन नळी असलेला सिलेंडर पाठवला. उभ्या सिलेंडरमधून वरचा वायू यायला हवा होता, पण या नळीतून तळाचा द्रव येतो. सेल क्षणात गार पडला, खिडकीवर दव धरलं, पातळी वरपर्यंत गेली. मी व्हॉल्व्ह बंद करून मागे सरकले आणि रिलीफ व्हॉल्व्हने त्याचं काम केलं. हात दिवसभर थरथरत होते. ऑर्डर देताना "सायफन नळी नको" हे चलनावर लिहून घ्या, तोंडी सांगून भागत नाही.

दुसरी चूक ओ-रिंगची, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कडीची. आम्ही व्हायटनच्या घातल्या होत्या, रसायनांना चांगल्या म्हणून. दाबाखाली कार्बन डायऑक्साइड रबरात मुरतो आणि दाब झटकन सोडला की आतून फुगून बाहेर पडायला बघतो. तिसऱ्या दिवशी सेल उघडला तर रिंगवर पुरीसारखे फुगे आले होते. त्यानंतर टेफ्लॉन वापरलं आणि दाब सोडायला कायम वीस मिनिटं घेतली. हळू सोडण्याचा आणखी एक फायदा म्हणजे व्हॉल्व्हमध्ये शुष्क बर्फ अडकत नाही.

९ डिसेंबर २०२१ ला पहिल्यांदा हवं ते दिसलं. पद्धत अशी होती: मिथाइल ऑरेंज हा केशरी रंग झायलीनमध्ये विरघळत नाही. पण पॉलिइथिलीन ऑक्साइड आणि चिमूटभर पाणी यांचा गाभा तयार झाला, की तो त्यात शिरतो. म्हणजे द्रव रंगला तर आत ध्रुवीय, म्हणजे पाण्याच्या स्वभावाचे, कप्पे झाले असं समजायचं. एका खिडकीतून जांभळ्या एलईडीचा प्रकाश रंग मोजायला, आणि लाल लेसर गढूळपणा मोजायला, कारण लाल प्रकाश तो रंग शोषत नाही.

पॉलिमर विरघळलेला, द्रव पाण्यासारखा स्वच्छ, तळाला केशरी कण आणि त्यांच्यावर चुंबकाची कांडी फिरतेय. दहा बार, काही नाही. वीस, काही नाही. प्रत्येक टप्प्यावर चाळीस मिनिटं थांबायचं. चाळीसच्या पुढे गेल्यावर कणांच्या लगत एक फिकट पिवळी झाक दिसली. आधी वाटलं खिडकीतून ऊन येतंय, म्हणून पडदा ओढला. झाक तशीच. पुढच्या टप्प्यावर ती वर चढली आणि अर्ध्या तासात सगळा द्रव हळदीच्या पाण्यासारखा पिवळा झाला. लाल लेसर अजून आरपार स्वच्छ जात होता, म्हणजे पॉलिमर खाली बसला नव्हता, मिसेल झाले होते. आणखी दाब वाढवल्यावर लेसरची रेघ दुधाळ झाली: आता पॉलिमरच बाहेर पडू लागला. मग दाब हळूहळू उतरवला. दुधाळपणा गेला, त्यानंतर पिवळा रंग विरत गेला आणि तळाला केशरी कण परत दिसू लागले. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. प्रयोगशाळेचा शिपाई किल्ली घेऊन दारात उभा होता, त्यालाच मी तो रंग दाखवला.

त्यानंतर सोपं होईल असं वाटलं होतं. २०२२ च्या पावसाळ्यात त्याच नमुन्याचे आकडे सरकू लागले. जूनमध्ये रंग लवकर दिसायचा, मार्चपेक्षा बऱ्याच कमी दाबाला. दोन महिने मी सेन्सर तपासत बसले. दोष सेन्सरचा नव्हता. पॉलिमर हवेतलं पाणी ओढून घेत होता, आणि पाण्याचा अंश वाढला की गाभा लवकर जमतो. मग पॉलिमर निर्वातात कोरडा करायचा, झायलीन आण्विक चाळणीवर (ओलावा शोषून घेणाऱ्या दाण्यांवर) ठेवायचं आणि प्रत्येक नमुन्यात पाणी मोजून घालायचं असा नियम केला. त्या दोन महिन्यांचे सगळे आकडे मी टाकून दिले.

थंडीची अडचण वेगळी. कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडरमधला दाब तापमानावर ठरतो: २५ अंशांना ६४ बार, २० ला ५७, १५ ला ५१ च्या जवळ. जानेवारीतल्या सकाळी सेल २५ अंशांवर असायचा, पण गार खोलीतला सिलेंडर गढूळपणाच्या दाबापर्यंत पोचायचाच नाही. सिलेंडर गरम करायचा विचारही करू नका. आम्ही त्या दिवसांत दुपारी एकनंतर काम सुरू करायचो. पॅरा-झायलीनही १३ अंशांच्या खाली गोठतं; एका सकाळी कपाटातल्या बाटलीत तळाला स्फटिक झालेले मी पाहिले आहेत.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती सेलमधली नव्हती. जून २०२३ ची आरएसी, म्हणजे संशोधन सल्लागार समितीची बैठक. वीस मिनिटं बोलून झाल्यावर समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी विचारलं, "पहिल्या प्रकरणात तुम्ही लिहिता, दाब वाढवला की मिसेल विरघळून सुट्या साखळ्या होतात. चौथ्या प्रकरणात लिहिता, दाब वाढवला की मिसेल तयार होतात. यातलं खरं कोणतं?"

मी म्हटलं, दोन्ही. पण का, ते मला तिथे उभं राहून सांगता आलं नाही. व्यवस्था वेगळी आहे, द्रावक वेगळा आहे, असं काहीबाही बोलले. शेऱ्यात लिहून आलं: संकल्पना स्पष्ट करावी, सहा महिन्यांनी पुन्हा सादर करावे. एसटीत खिडकीशी बसले होते आणि रडू आवरत नव्हतं. साडेचार वर्षं ज्या विषयावर काम केलं त्याचा पहिलाच प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

उत्तर सापडायला तीन आठवडे लागले. दाब हा मुळात मुद्दा नाहीच, मुद्दा आहे द्रावकाच्या ताकदीचा. प्रोपेन किंवा कार्बन डायऑक्साइड हाच एकटा द्रावक असेल, तर दाब वाढवला की रेणू दाटीने बसतात, घनता वाढते, ताकद वाढते, आणि नावडती साखळीही सामावली जाते. मिसेल सुटतात. उलट तिथे दाब उतरवत आलं की आधी मिसेल जमण्याचा दाब लागतो आणि त्याच्याही खाली गेलं की गढूळपणाचा. माझ्या सेलमध्ये झायलीन हा चांगला द्रावक, आणि दाबासोबत त्यात येतो कार्बन डायऑक्साइड, जो पॉलिइथिलीन ऑक्साइडला धरून ठेवत नाही. इथे दाब वाढवणं म्हणजे चांगल्या द्रावकात वाईट द्रावक मिसळणं. म्हणून मिसेल जमतात आणि आणखी पुढे गेलं की सगळंच बाहेर पडतं. दोन्हीकडे क्रम एकच: सुट्या साखळ्या, मग मिसेल, मग गढूळ. फक्त दाबाचा बाण उलटा.

मी आलेखाच्या आडव्या अक्षावरून दाब काढून द्रावकाची ताकद घातली आणि दोन्ही प्रकरणं एकाच चित्रात बसली. डिसेंबर २०२३ च्या आरएसीत मी सुरुवात हळदीपासून केली. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड हळदीतलं तेल छान काढतो, पण करक्युमिन जवळजवळ तिथेच सोडतो. त्याला काय आवडतं आणि काय नावडतं हे आधी ठरवा, मग दाबाचं बोला. त्याच मॅडमनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "हे चित्र पहिल्या प्रकरणात आणा." मी आणलं. त्यांच्या त्या प्रश्नाबद्दल मी प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचे आभार मानले आहेत. तुमच्या समितीत असं विचारणारं कुणी असेल तर त्यांना टाळू नका.

पुढचं थोडक्यात. पूर्वसादरीकरण फेब्रुवारी २०२४. वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य १० टक्क्यांच्या आत हवं. माझं पहिल्यांदा १४ आलं, बहुतेक पद्धतीच्या प्रकरणात, ते स्वतःच्या वाक्यांत पुन्हा लिहिलं. मे महिन्यात प्रबंध सादर. छपाई आणि बांधणीला साडेनऊ हजार. त्यानंतर सात महिने परीक्षकांच्या अहवालांची वाट. या काळात दर आठवड्याला चौकशी करून काही होत नाही. मी महिन्यातून एकदा फोन करायचे आणि मधल्या वेळात दुसरा शोधनिबंध पूर्ण केला.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मिसेल तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेत का?" मी म्हटलं, नाही सर. रंगावरून आत ध्रुवीय कप्पे आहेत हे कळतं. त्यांचा आकार आणि बांधणी कळायला दाबाखाली क्ष-किरण किंवा न्यूट्रॉन विकिरण लागेल, ते माझ्याकडे नव्हतं, आणि हे मी पान १४२ वर लिहिलं आहे. त्यांनी ते पान काढून वाचलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. आपल्या कामाची हद्द आपणच आधी लिहून ठेवली की तिथे उभं राहायला बळ येतं.

पीएच.डी. मिळाल्याची अधिसूचना हातात आल्यावर पेढे घेऊन कुपवाडला गेले. काका लेथवरच होते. हात पुसून पेढा घेतला आणि विचारलं, "सेल कुठं हाय आता?"

"लॅबमध्येच आहे काका. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद आहे. एमएस्सीची एक मुलगी त्यावर काम करतेय."

"काचंची गादी बदलाया झाली असंल. तीन वर्सं झाली की." त्यांनी भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांत आमच्या सेलचं माप शोधलं, टेफ्लॉनच्या दांड्यातून दोन चकत्या कापून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. "बसवल्यावर आदी पान्यानं टेस्ट करा. पोरीला सांगा, कागद टाकाया इसरू नगं."

सोमवारी ती चाचणी घेतली. १०५ बार, अर्धा तास, कागद कोरडा.